केरळचा मुनवा

१६ जानेवारी २०२४, मंगळवार

दारातच पाय बुडवायला लावले. जंगलात शिरायच्या आधी पत्र्याचा उथळ ट्रे, त्यात औषधाचं पाणी. चपलांसकट उभं राहायचं आणि मग आत. "बाहर का मिट्टी अंदर नहीं," गाईडबाई म्हणाली. तिचं हिंदी आमच्या हिंदीपेक्षाही वाईट, त्यामुळे लगेच समजलं! आमचे सगळे वाडीवाले रांगेत उभे, बाप्तिस्म्याला आल्यासारखे. युजीन सगळ्यांच्या मागे. "जन्म गेला मातीत. आता माझ्या पायाला रोग लागला काय?" नवरा माझा असा. शेवटी मीच पाठीत ढोसलं.

डेरिक दरवर्षी गावातल्या लोकांना वेलंकनीच्या यात्रेला नेतो. यंदा म्हणे केरळची जंगलं आणि बागा. वसईच्या वाडीवाल्यांना झाडं दाखवायला केरळात न्यायचं — मी हसले होते. पण पहिली पैसे भरणारी मीच.

जंगलात वर पाहिलं तर आभाळच नाही. दुपारी बारा वाजता दिवेलागणीसारखं. आमच्या चिंचोटीच्या जंगलात धबधब्यापर्यंत बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं. इथे एक कागद नाही. बाईने एक झाड दाखवलं, आतून पोकळ. वडाच्या जातीच्या झाडाने बाहेरून वेढत वेढत मूळ झाड संपवलं, ते कुजून गेलं, हा नुसता वेढा उरला. युजीन आत जाऊन उभा राहिला. बराच वेळ बाहेर येईना. आला तेव्हा म्हणाला, "एडवर्डला दाखवायला हवं होतं."

एडवर्ड त्याचा धाकटा भाऊ. गेला त्याला तिसरं वर्ष. त्याची बायको नॅन्सी, माझी जाऊ, आमच्या कुंपणापलीकडे राहते. तिलाही चल म्हटलं होतं. "ऊन चांगलं पडलंय, केळी सोडून कशी येऊ?" आमच्या आळीत सुकेळी करणारं आता तिचं एकच घर. राजेळी केळी सोलायची, मांडवावर वाळवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी पुन्हा उघडायची. सणाला कुणाकडे गेली तरी तिच्या बोटांना तो गोड चिकट वास. एडवर्ड गेल्यावर तीच केळी तिला धरून राहिली आहेत. ती नसती तर नॅन्सी उठून उभी राहिली नसती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

१८ जानेवारी

आज मोठी वनस्पती-बाग. ऑर्किडं, नेचे, जायफळाची झाडं, टोपलीएवढी पानं. आमच्यातला ॲन्सेल्म प्रत्येक पाटीचा फोटो काढत होता, झाडाचा एकही नाही.

मग केळींचा भाग. शंभरेक जाती! लाल, निळसर, बोटाएवढी, हाताएवढी. युजीन देवळात आल्यासारखा गप्प. एका केळीपाशी खिळलाच. घड असा लांब, केळ आपल्या राजेळीसारखं तीन धारांचं, पण दीडपट. "राजेळीची थोरली बहीण," म्हणाला. गाईडबाईला आपल्या हिंदीत सांगायला लागला — माझ्या बापाने राजेळी सगळ्या गावाला वाटली, खाडीपलीकडे काशीरामच्या बापालाही दिली, तिथे अजून आहे. वाडीत आलेल्याला मुनवा नाही म्हणायचं नसतं. तर आम्हाला यातला एक द्या.

बाईला मुनवा म्हणजे काय ते कळेना. त्याने केळीच्या बुंध्याशी उगवलेलं पिल्लू दाखवलं. बाईचा चेहराच बदलला. "नो. यहाँ से कुछ नहीं जाएगा." चारचौघांत. युजीन लाल झाला.

पुढे सगळे कमळांकडे गेले. मी वळून पाहिलं तर हा नाही. आला तो माझी पिशवी मागत. माझा नवा टॉवेल ओला करून, त्यात गुंडाळून — केवढंसं पिल्लू, कोपराएवढं. "अगं, नॅन्सीसाठी. असली सुकेळी निघतील! नाताळात घड लागला की तिला नेऊन दाखवायचा. तोवर बोलायचं नाही." चोरून आणलेलं रोप चांगलं जगतं, असंही वर.

मी शिव्या घातल्या. पण हसत. तेही लिहून ठेवते.

२१ जानेवारी, रविवार

घरी. गाडीत ज्याने त्याने आपापली चोरी काढली! शेल्डनच्या बायकोच्या पर्समधून क्रोटनची काडी, ॲन्सेल्मच्या मोज्यात ऑर्किडचा कंद. वाडीवाला रिकाम्या हाताने परत आला तर त्याला घरात घेणार नाहीत. आमचा तेवढा टॉवेलात राहिला. युजीनने दाखवला नाही, बाईने झापलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

मिस्साहून आल्यावर लावला. नॅन्सीच्या कुंपणालगत, दोन्ही वाड्यांचं पाणी ज्या पाटातून जातं त्याच्या काठावर.

१२ मार्च

रुजला. तीन पानं आली. युजीन सकाळी चहाच्या आधी त्याला भेटून येतो.

१४ एप्रिल

पानं विचित्र येताहेत. अरुंद, ताठ, सगळी शेंड्याशी गोळा झालेली. कडा पिवळ्या. "ऊन लागलंय," युजीन म्हणतो. पाणी वाढवलं.

६ मे

नॅन्सीने कुंपणावरून हाक मारली. "फ्लॉसी, माझी केळ बघ गं. अशी मुठीसारखी काय झालीय?"

तिची पहिल्या ओळीतली राजेळी. आमच्या पाटाकडची. तीच ताठ पानं.

मी म्हटलं, ऊन असेल. घरात आले. युजीन ओट्यावर बसला होता. त्याला सांगितलं नाही, त्याने आधीच पाहिलं होतं.

७ मे

केरळचा मुनवा युजीनने उपटून जाळला. नॅन्सी बाजारात गेली होती. मी टेहळणी केली. मी!

९ जून, रविवार

आमच्या स्वतःच्या पाच केळी गेल्या. नॅन्सीची अर्धी वाडी. आळीच्या टोकाला गॉडफ्रेकडेही लागलं म्हणतात.

११ जून

कृषी खात्याचा माणूस आला होता. तरुण, सभ्य. पान उलटं करून दाखवलं: देठाच्या बेचक्यात काळा बारीक मावा. "रोग मुनव्यातून येतो. मग हा मावा या झाडाचा त्या झाडाला नेतो. औषध नाही. लागलेली प्रत्येक केळ मुळासकट काढा. पोंग्यात, मधल्या गुंडाळलेल्या पानात, आधी रॉकेल ओता म्हणजे मावा उडून पुढे जाणार नाही." रॉकेल आता कुठे मिळतं? डिझेल ओता म्हणाला.

मग विचारलं, "बाहेरून कुठून मुनवे आणले होते का?"

नॅन्सीने आठवलं. "गेल्या पावसाळ्यात काशीरामकडून वेलची केळीचे घेतले होते."

काशीराम खाडीकाठचा. आमच्या आळीला पेंढा तोच देतो, मुनवेही देतो. त्याचा बाप माझ्या सासऱ्यांकडे यायचा, आता हा येतो. युजीनने घसा खाकरला. मला कळलं तो काय बोलणार आहे. आणि मी आधी बोलले. "हो, काशीरामचेच असणार. खाडीकडून काय काय येतं."

युजीनने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

का बोलले? नॅन्सीच्या तोंडावरचा भाव बघवला नाही म्हणून. कुंपणापलीकडे राहणारं एकच माणूस उरलं आहे आपलं, तिने तोंड फिरवलं तर काय करू म्हणून. आणि आळीत तोंड कसं दाखवू म्हणूनही. हे सगळं खरं. पण बोलले ती मी, युजीन नाही.

१६ जून, रविवार

मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये बैठक. गॉडफ्रेचं मत, काशीरामचा टेम्पो आळीत येऊ द्यायचा नाही. सगळे हो म्हणाले. कुणाच्या तरी डोक्यात आलं की पेंढ्यातूनही मावा येतो. येत नसणार, पण आता कोण ऐकतंय?

युजीन हॉलमध्ये आलाच नाही. बाहेर सायकलपाशी उभा होता.

१९ जून

काशीराम आज आला. त्याला बैठकीचं माहीत नव्हतं. आळीच्या तोंडाशी गॉडफ्रे आणि आळीतल्याच कॅल्विनने टेम्पो अडवला. तो उतरून चालत आमच्या दारात आला. "बाय, माझ्या मुनव्यात रोग हाय म्हनतात. तुमी सांगा यांना. तुमचे सासरे मला वळखत होते."

मी म्हटलं, "मला काय माहीत, काशीरामभाऊ. मी काही शेतीतली नाही."

बावन्न वर्षांची बाई मी, वाडीत वाढलेली, वाडीत दिलेली. तो दारातूनच वळला. पाणी मागितलं नाही. गेला.

२० जून

युजीन जेवला नाही. मी ओरडले त्याच्यावर — तूच आणलंस! तो म्हणाला, "हो. पण आता ते तुझंही आहे."

३ जुलै

नॅन्सीची राजेळी आज संपली. कोयता तिने कुणाला दिला नाही. एकेक पोंग्यात डिझेल ओतलं, मग कापलं, मग पहारीने मुळाचा कांदा उकरला. ॲनिशा, तिची मुलगी, नालासोपाऱ्याहून रजा घेऊन आली होती. तिने आईला सांगितलं, आता बस झालं, माझ्याकडे राहायला चल. नॅन्सी म्हणाली, "तिथे काय वाळवू?"

मी कांदे ओढायला मदत केली. दिवसभर. ती मला म्हणाली, "तू आहेस म्हणून." मला वाटलं पहार माझ्याच डोक्यात घालून घ्यावी.

मांडवाचे बांबू तिने सोडून भिंतीला लावून ठेवले. एकावर एक, नीट.

२८ जुलै

आज मी नॅन्सीच्या कुंपणाच्या फाटकापाशी पत्र्याचा ट्रे ठेवला. औषधाचं पाणी घातलं. येणाऱ्याने पाय बुडवून यावं म्हणून. तिने विचारलं, "आता कशाला? आत काय उरलंय?"

१५ ऑगस्ट, गुरुवार. मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण

नॅन्सी जेवायला होती. सणाचं म्हणून वडे केले होते. जेवण झाल्यावर युजीनने हात धुतले, परत येऊन बसला आणि तिला सांगितलं. पोकळ झाडापासून. एडवर्डची आठवण आली, म्हणून तिच्यासाठी आणला. टॉवेल. पाट. सगळं. काशीरामचं मात्र त्याने स्वतःवर घेतलं, "मी गप्प बसलो" म्हणाला. माझं नाव काढलं नाही.

मीच म्हटलं, "तो नाही, मी बोलले होते ते."

नॅन्सी रडली नाही. बराच वेळ ताटातले तुकडे गोळा करत बसली. मग युजीनला म्हणाली, "भाऊ, एडवर्डने पण हेच केलं असतं. त्याने दोन आणले असते." मला वाटलं हसते आहे. हसत नव्हती.

माझ्याशी बोलली नाही. पण जाताना दारात थांबली. "काशीरामकडे आपली राजेळी आहे ना? सासऱ्यांनी दिलेली?"

युजीन उठून उभाच राहिला. खरंच की! खाडीपलीकडे, एवढ्या लांब मावा पोचला नसणार. एक मुनवा मिळाला तरी पुरे. तिघांनाही सुचलं नव्हतं. गुन्हेगार ठरवलेल्या माणसाकडे मागायला जायचं कसं सुचेल?

नॅन्सी म्हणाली, "उद्या जाऊ. आधी त्याची माफी मागू. मग मुनवा मागू. त्याच क्रमाने."

रात्रीची प्रार्थना आज बऱ्याच दिवसांनी मनापासून केली.

१६ ऑगस्ट

काशीरामच्या बांधावर राजेळी नाही. जमिनीवर काळा डाग, त्यावर गवत उगवलेलं.

त्याची बायको कमळी, तिने खाटेवर चादर घातली, चहा ठेवला. आम्ही तोंड उघडायच्या आधीच काशीरामने हात जोडले. "बाय, तुमी माफ करा. मला वाटलं, माझे मुनवे चांगले हायत. पन सगळी आळी बोलली, तुमी पन बोललात. तुमी खोटं बोलनार नाय. मंग म्हनलं माझ्याकडनंच गेला असंल रोग. दुसऱ्याची वाडी नको जायाला. घरी गेलो नि सगळी कापली, डिझेल ओतून जाळली. तुमच्या सासऱ्यांची होती. घड धरला होता तिनं." आणि नॅन्सीकडे वळून, "तुमचं माझ्यामुळं गेलं."

मग मी सांगितलं. सगळं, माझ्या वाक्यासकट.

काशीराम त्या काळ्या डागाकडे बघत राहिला. कमळीने आमच्या पुढचे कप उचलले, चहा तसाच होता, आणि ती आत गेली.