बायकांच्या संडासाची किल्ली

॥ श्री ॥
राजाजीनगर, बेंगळूर
८ जुलै १९९६

ती. सौ. वसुमतीअक्कास, गुरुदत्तचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिचा आवाज धारवाडपर्यंत पोचत असेलच. बातमी अशी, की तुझा धाकटा भाऊ यशवंतपूरच्या कारखान्यात विभागप्रमुख झाला. पंख्याच्या मोटरींना तांब्याची तार गुंडाळणाऱ्या वीसेक बाया आता माझ्या हाताखाली. पेढे तूच वाट, धारवाडचे बरे असतात.

पण अक्का, मला शिसारी आली आहे. मॅनेजर म्हणजे तुझे चुलतसासरे भगवंतराव. तुझ्या शब्दाखातर त्यांनी मला इथे लावलं, म्हणून आजवर काही लिहिलं नाही. कंपनीनं त्यांना म्हैसूरला नेतृत्वाच्या शिबिराला धाडलं होतं. तिथून एक रंगीत पाटी घेऊन आले, 'आपण सारे एक कुटुंब'. ती डोक्यामागे लावली आणि तिच्याखाली बसून पूर्वीसारखेच बायांना शिव्या देतात. पानाची पिंक अर्धी डब्यात, अर्धी बाहेर. पुसायला बायाच.

पहिल्याच सकाळी त्यांनी मला साहेबी शिकवली. आलेल्या माणसाला आधी उभं ठेवावं, मग बोलावं. कौतुक करू नये, माणूस डोक्यावर चढतो. मग खणातून बायकांच्या संडासाची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. तिथे कुलूप असतं, अक्का! जिला जायचं तिनं साहेबाच्या टेबलाशी येऊन किल्ली मागायची. म्हणाले, की ही तुझ्याजवळ राहिली, की विभाग मुठीत राहतो. किल्ली त्यांच्या हातानं ओशट झाली होती. मी रुमालात धरली.

काय करू ते लिही. तुला सासरी त्रास होईल असं काही करणार नाही. भावोजींना नमस्कार, सिद्धीला पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
गुरुदत्त


धारवाड
१५ जुलै १९९६

चि. गुरुदत्त यास अनेक उत्तम आशीर्वाद.

साहेब झालास, आता तरी स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री कर.

तुझं पत्र शाळेतच उघडलं आणि दुपारचा डबा तसाच परत आणला. धाकट्या मामंजींचं पान मला ठाऊक आहे, आमची तुळसही त्यातून सुटलेली नाही. पण या घरात त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. ह्यांना तर त्यांच्यापुढे वाचाच फुटत नाही. तेव्हा स्वल्प दमानं घे, एवढंच लिहिणार होते.

पण राहवत नाही. तुला शिसारी आली, ठीक. ती नाकाला रुमाल लावून कुणालाही येते. मी इतकी वर्षं मुलींची शाळा चालवते. मोठ्या बाईंना वाईट वाटलं, याचा मुलींना काडीचा उपयोग नसतो. ती किल्ली आता कुठे आहे? तुझ्याच टेबलावर ना? आणि तो संडास तू एकदा तरी आत जाऊन पाहिलास का?

आईला जप. आमचा जीव तुझ्यात आहे, हे विसरू नकोस.

तुझी
अक्का


राजाजीनगर, बेंगळूर
४ ऑगस्ट १९९६

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

उशीर झाला. लिहायला हात धजत नव्हता.

किल्ली माझ्याच टेबलावर होती. भगवंतराव समोर बसून शिबिरातले किस्से सांगत होते. विभागातली सगळ्यांत जुनी बाई, गंगव्वा, किल्ली मागायला आली. त्यांनी किल्लीवर हात ठेवला आणि म्हणाले, की थांब, आमचं बोलणं संपू दे. मग मुद्दाम सावकाश बोलत राहिले. तिनं पुन्हा विनवलं, की अर्जंट आहे, साहेब. मी कागदांत बघत बसलो. अक्का, ती उभ्याउभ्या भिजली. भगवंतराव नाक धरून हसले आणि तिलाच फडकं आणायला लावलं. सगळा विभाग बघत होता. तिनं फरशी पुसली आणि निघून गेली. पुन्हा कामावर आली नाही.

मग मी उठलो. आता उठून काय! तरी जाऊन कुलूप काढलं आणि आत गेलो. नळ कोरडा, भांडं काठोकाठ तुंबलेलं, भिंतीवर अळ्या. यासाठी बाया हात पसरत होत्या! मला तिथेच ओकारी झाली. दुसऱ्या दिवशी माणसं लावून सगळं धुवून घेतलं, नळ जोडवला, कुलूप भंगारात टाकलं. तरी कितीतरी दिवस एकेक बाई टेबलाशी येऊन घुटमळायची. मी सांगायचो, की विचारायचं नाही, जायचं.

भगवंतरावांनी नवं कुलूप माझ्यापुढे सरकवलं. म्हणाले, की हे लाव, नाहीतर के. आर. पुरमच्या गोदामात जा. आणि तुझ्या अक्कालाही मी बघतो. मी नाही म्हणालो. उद्यापासून गोदामात. माझ्या जागी सुप्रीता नावाची मुलगी येते आहे. तिच्याही हाती त्यांनी कुलूप दिलं. तिनं विचारलं म्हणे, की पुरुषांच्या संडासाला कुठलं लावायचं? अजून एकही लागलेलं नाही.

तुला आता बोलणी बसतील. रागावलीस तरी दूर लोटू नकोस.

गुरुदत्त


धारवाड
२० ऑगस्ट १९९६

चि. गुरुदत्त यास अनेक आशीर्वाद.

बेंगळूरहून आलेले धाकटे मामंजी आमच्याकडे जेवायला होते. पहिल्याच घासाला तुला कृतघ्न म्हणाले. मी वाढत होते. भांडं खाली ठेवलं आणि गंगव्वाचं काय झालं ते सगळ्यांपुढे सांगितलं, एक शब्द न गाळता. हे म्हणाले, की जेवताना हा कसला विषय? मी म्हटलं, की जेवतानाच. सासूबाई उठून हात धुऊन आल्या आणि दिरांना म्हणाल्या, की भावजी, तुम्हाला वाढायला आता माझा हात उचलत नाही. ते ताटावरून निघून गेले.

तेव्हापासून हे माझ्याशी बोलत नाहीत. घर कसं शांत आहे.

कौतुक करून घ्यायला बसू नकोस. गंगव्वाकडे गेलास का? जा. मग मला लिही. ओढ आहे तशीच असू दे.

तुझी
अक्का


राजाजीनगर, बेंगळूर
१ सप्टेंबर १९९६

ती. सौ. अक्कास, सा. न. वि. वि.

गेलो होतो. यशवंतपूरच्या बाजारामागे तिची खोली आहे. आता घरीच उदबत्त्या वळते. मला बसवलं, कॉफी केली. परत चल म्हटलं, तर नको म्हणाली. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, की ते साहेब कसे आहेत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यांचं काही वाटलं नाही. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही एकदा मान वर केली असती तर... मग माझ्या पेल्याकडे बोट केलं. कॉफी निवते आहे, एवढंच म्हणाली. मी ती सगळी प्यालो.

गोदामात माणसं थोडीच आहेत. कुणी टेबलाशी आलं, की मी हातातलं ठेवून आधी उठून उभा राहतो. ते बिचकून मागे सरतात, काही चुकलं की काय म्हणून. सरी, असू दे. सवय व्हायला वेळ लागेल, त्यांना आणि मलाही.

भावोजी बोलू लागले का? तुझी माया आहे, तोवर माझं बरं चाललं आहे.

तुझा
गुरुदत्त