नदीचं नाव काय लिहू

३ मार्च
दुपारी होडीतून उतरले. डोंगरातून आलेली नदी इथे टांगानिका सरोवराला मिळते. मुखाशी पाणी तांबूस, पलीकडे निळंशार, आणि दोहोंच्या मध्ये आखल्यासारखी रेघ. नव्या नकाशासाठी या नदीचं नाव नोंदवायचं, एवढंच माझं काम. आठवडाभराची सुट्टीच म्हणायची. मुखाजवळच्या गावात फिल्बेटाकाकींकडे उतरलेय. मक्याच्या पिठाची गरम उगाली आणि तळलेले मासे वाढताना काकी म्हणाल्या, "खा एडिथा, पोटभर खा. सरकारला आमची नदी तरी दिसली. दवाखान्याची जागा काही दिसत नाही."

५ मार्च
तीन गावं पालथी घातली. इथे दगडादगडाला नाव आहे, नदीला मात्र नुसतं 'ती'. सोबतच्या जुन्या नकाशांत तीन वेगळी नावं आहेत: नाकाझ्वे, युस्टिना, वेरेडियाना. तिन्ही बायकांची. आधीच्या मोजणीदारांचा गलथानपणा, असा शेरा मारला.

६ मार्च
नावाडी सिकाझ्वेआजोबांना विचारलं. जाळं विणता विणता ते म्हणाले, नाव झिजलं की नदी दुसरं घेते. ज्याचं घेते ते माणूस उरत नाही. वेरेडियाना त्यांची बायको होती, असं लोक सांगतात. त्यांना ती आठवत नाही. घरातल्या पेटीत बाईमाणसाचे कपडे आहेत, म्हणून ते मानतात.
मला हसू आलं नाही.

८ मार्च
धुण्याच्या जागी बायका बोलत होत्या, "एडिथाला आज गाळ फार आलाय." मला हाक मारली असं वाटून मी 'ओ' दिली. एकजण तोंडावर हात दाबून रडायला लागली. म्हणाली, "मुद्दाम नाही गं बाई. तोंडात आपोआप आलं."

९ मार्च
आजोबांनी सकाळीच मला होडीत बसवलं. दुपारपर्यंत वल्हवत होते. किनारा लागला तो याच गावाचा. पुन्हा निघालो. पुन्हा हाच. त्यांचे तळवे सोलून निघाले, तरी ते थांबेनात. शेवटी मीच पुरे म्हटलं.

१० मार्च
टेकडीवर चढून कचेरीत फोन लावला. एडिथा बोलतेय, असं मी म्हणाले. साहेब म्हणाले, एडिथा ही तर नदी, तिची नोंद आली, नकाशा छापायलाही गेला. आपण कोण?
नोंद मी पाठवलेली नाही.

११ मार्च
आईला फोन केला. तिला दोन मुलगेच आहेत म्हणाली. मुलगी नाही. फार गोड बोलली — चुकून लागला असेल बाळा, म्हणाली —

१२ मार्च
काकी हाक मारायला जातात — ओठ हलतात — मग नुसतं 'ए' —

१३
काकींनी सकाळपासून माझं मनगट घट्ट धरलंय. डाव्या हाताने लिहितेय. आत्ता मायेने विचारलं, पोरी, तू कुणाची? मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. नदीकडे बघत राहिल्या. बोटं सैल — काकी, धरा — सोडू नका, मी अजून इथे —