आठवी जागा

प्रिय दांडगे,

काल रात्री तू फोन ठेवलास, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. मोबाईल आपटून ठेवता येत नाही म्हणतात, पण तुला तेही जमतं. शेवटचं वाक्य काय होतं तुझं? ‘तुझ्या पोटात एवढं होतं तर आधी सांगायचंस.’ मी पुन्हा लावला तर उचलला नाहीस. सकाळी लावला तर बंद. आता मला लावताच येणार नाही, कारण आमच्या निवड समितीच्या अध्यक्षांनी आम्हा चौघांचेही मोबाईल बिस्किटांच्या डब्यात घालून डबा कुलपात ठेवला आहे आणि आम्हालाही जवळजवळ तसंच ठेवलं आहे. म्हणून हा कागद. पुढचं वाचशील की चुरगाळशील ते माहीत नाही. वाच गं. शिव्या नंतर दे, मी कुठे पळून जात नाही. जाता येतच नाही.

आम्ही कुठे बसलोय सांगू? वजन करायच्या खोलीत. सभेच्या खोलीचा पंखा बंद पडलाय, म्हणून इथे. एका बाजूला तो वजनकाटा, त्याच्यापुढे मुलींनी कपडे काढायचा हिरवा पडदा, भिंतीवर कुठली औषधं घ्यायची नाहीत त्याचा तक्ता, आणि सगळीकडे मलमाचा तो वास, जो आपल्या दोघींच्या लग्नाच्या साड्यांनाही येत होता. चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या. एक खिडकी, तिला गज. दार बाहेरून बंद आहे आणि किल्ली पहारेकऱ्याकडे. गेल्या वर्षी नावं आधीच बाहेर फुटली, तेव्हापासून अध्यक्षांनी ही पद्धत काढली. चौघांच्या सह्या झाल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि एकाची जरी सही नसेल तर संघ पाठवायचाच नाही. तिकडे परदेशात जागतिक स्पर्धेला नावं पोचवायची मुदत आज संध्याकाळी संपते. म्हणजे बघ, मी अडून बसले तर ज्यांच्याबद्दल कुणाचं दुमत नाही त्या सात पोरीही घरी बसतील. अध्यक्ष हे मला दर थोड्या वेळानं समजावून सांगतात, मला मराठी कळत नसल्यासारखं. मग चहा येतो. पहारेकरी दार उघडून किटली आत ढकलतो आणि पुन्हा कडी लावतो. आज मी इतका चहा प्यायले आहे की रात्री झोपेचं नाव नको.

तर तुझ्या कानावर गेलं ते खरं आहे. आठव्या जागेसाठी तुझ्या लेकीच्या, चिमणीच्या नावाला माझाच विरोध आहे. एकटीचा. समितीतल्या कोचनं तुला ते तिखटमीठ लावून सांगितलं असेल, पण मुळात खोटं सांगितलेलं नाही. उरलेली एक जागा आणि दोघीजणी, आपली चिमणी आणि ती नर्स. दोघी वेगळ्या वजनगटातल्या, म्हणून दोघींनी उचललेल्या वजनांचे आकडे गेल्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या त्यांच्या गटात तिसरी आलेल्या बाईच्या आकड्याशी ताडून बघायचे, जी जवळ ती आत. ही रीत मीच पाच जणांशी भांडून आणली होती, तुला आठवत असेल, कारण त्याआधी नावं अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या मर्जीवर ठरायची. आणि त्या रीतीनं चिमणी सरळसरळ पुढे आहे. घासून नाही, चांगली पुढे. मी हे नाकारत नाही. समितीतले डॉक्टर मघाशी चष्मा पुसत म्हणाले, ‘बाई, आकडे तुमचे, रीत तुमची, मग अडचण कसली?’ मी म्हटलं, अनुभव. नर्सला अनुभव जास्त आहे. ते म्हणाले, अनुभवानं बार उचलला जात नाही. मग मी म्हटलं, चिमणीनं पहिला प्रयत्न भलताच जड घेतला, हा अविचार आहे, परदेशात असं केलं तर शून्यावर परत येईल. त्यावर कोच हसला. ‘अविचार नाही, काळीज आहे पोरीचं,’ म्हणाला. आयुष्यभर आकड्यांची बाजू घेऊन बोलणारी मी बाई आज वाट्टेल ते बोलत होते आणि तिघंही माझ्याकडे बघत होते. ते काय समजले असतील ते मला कळतं. ही आणि तिची मैत्रीण एकत्र वजनं उचलायच्या, मैत्रिणीची पोर जगात निघाली, हिला पोटशूळ उठला. तूही तेच समजलीस. तू तसं समजलीस याचं मला जास्त लागलं.

पोटशूळ कशाचा असेल गं मला? पिठाच्या गिरणीमागची ती आपली व्यायामशाळा आठव. पुरुष गेल्यावर आपल्याला वेळ मिळायचा, आणि गुरुजी पाठ करून बसायचे, बायकांकडे बघायचं नाही म्हणून, आणि पाठ करूनच ओरडायचे, ‘ए काटकुळे, अजून खाली बस.’ पाठीला डोळे होते त्यांच्या. मी काटकुळी आणि तू दांडगी, ही नावं त्यांनीच दिली, आणि आता घरच्या पत्रिकांवरच्या नावांनी कुणी हाक मारली तर आपण वळूनही बघत नाही. एका वर्षी आपण दोघीही निवडीत आपापल्या गटात पहिल्या आलो आणि मग कळवलं, की बायकांचा संघ पाठवायचाच नाही असं ठरलं आहे. मी घरी जाऊन जेवले आणि झोपले. तू नाही जेवलीस. तू परत व्यायामशाळेत गेलीस आणि एकटीनं हात सोलवटेपर्यंत उचलत बसलीस, गुरुजींनी शेवटी दिवा मालवला. आपल्यातला फरक तेव्हाच दिसायला हवा होता. माझं ते दुःख वर्षभरात वाहून गेलं. तुझं गेलंच नाही.

मग तू बैठकीच्या खोलीत लोखंड आणून मांडलंस. भावोजी बिचारे पाहुणे आले की सांगायचे, ‘सोफा दुरुस्तीला दिलाय,’ आणि तो सोफा कधी परत आलाच नाही. चिमणी त्या बारला धरून उभी राहायला शिकली. बाकीची पोरं केरसुणीचा घोडा करायची, ही केरसुणीच्या दोन टोकांना पाण्याच्या बाटल्या अडकवून डोक्यावर धरायची आणि तुझ्याकडे बघायची. आधी तुझ्याकडे, मग बाटल्यांकडे. आपण किती हसायचो. किती गोड दिसायचं ते! मीच तिला पहिला पट्टा आणला होता, तांबडा, तिच्या कमरेला दोनदा गुंडाळावा लागायचा. शाळेच्या सहलीला ती कधी गेली नाही, कारण सराव बुडतो. मैत्रिणीच्या लग्नात नाचली नाही, कारण गुडघा. मी एकदा म्हटलंही होतं तुला, जरा सैल सोड. तू म्हणालीस, ‘आपल्याला सैल सोडलं म्हणून आपलं काय झालं?’ तुझ्यापुढे कुणाचं चालतं?

आता परवाच्या निवडीबद्दल. नियमाप्रमाणे घरच्यांना आत यायला बंदी, म्हणून तू गॅलरीत होतीस आणि मी पंचांच्या मागच्या टेबलावर. पहिल्या प्रयत्नाचा आकडा मुलीनं स्वतः सांगायचा असतो. चिमणीनं सांगितला तो ऐकून निवेदकानं दोनदा विचारलं. तिनं आयुष्यात कधी उचललेलं नव्हतं, तेवढं वजन ती स्क्वॉटला पहिल्याच खेपेला मागत होती. तुला माहीत आहे, एकदा सांगितलं की खाली येता येत नाही आणि तिन्ही प्रयत्न फसले की खेळच संपला, घरी जा. ती बारखाली गेली, तो खांद्यावर घेऊन बसली, पुरेशी खाली बसली, आणि वर येताना मध्येच अडकली. मला वाटलं गेलं. पण ती तशीच थरथरत वर आली, तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले आणि तू गॅलरीत उभी राहून अशी किंचाळलीस की डॉक्टरांच्या हातातला चहा सांडला. तू रडत होतीस. शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारत होतीस. तुला इतकी खूश मी बाळंतपणातसुद्धा पाहिली नव्हती. मी मात्र चिमणीकडे बघत होते. बार रॅकवर ठेवून ती वळली आणि तिचा चेहरा, दांडगे, कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखा होता. तू लांब होतीस, तुला दिसला नसेल. त्यानंतर बेंच, डेडलिफ्ट, सगळं जमत गेलं. एकामागून एक पांढरे दिवे, आणि दर वेळी ती आणखी लहान दिसायला लागली.

नर्सचं सांगायचं तर ती मघाशी खिडकीशी येऊन गेली. निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही, दुपारपाळी आहे. गजांतून म्हणाली, ‘मावशी, मी आपली कामावर जाते. आत काय चाललंय ते विचारत नाही. ह्या वर्षी नाही तर मग नाहीच, एवढं मला ठाऊक आहे, पण तुम्ही भांडू नका कुणाशी.’ गुडघ्याला तिनं अजून पट्टी बांधलेली होती आणि त्याच पायावर ती आता संध्याकाळभर उभी राहणार. तिची बस तुझ्या गल्लीवरून जाते. मी तिला म्हटलं, डबा खाऊन ये, एक पाकीट देते, तेवढं माझ्या मैत्रिणीच्या दारात टाक. तिनं कुणाचं, काय, काही विचारलं नाही. पाकीट चिकटवून देतेय. मला स्वतःची लाजही वाटते, कारण आत काय आहे ते कळलं तर तिचा जीव वर-खाली होईल. पण ह्या खोलीतून बाहेर जाणारं दुसरं कुणी नाही.

आता सांगते. परवा सगळं आटोपल्यावर मी ह्याच खोलीत आवराआवर करत होते. चिमणी पडद्यामागून आली, अंगावर अजून खेळाचेच कपडे, आणि खुर्च्या सोडून वजनकाट्यावर जाऊन बसली. आणि रडायला लागली. हुंदक्यागणिक काट्यावरचा आकडा हलत होता. म्हणाली, ‘मावशी, मला निवडू नका. मी फसायचं ठरवून आले होते.’ तो पहिला आकडा काळीज नव्हतं, दांडगे. उचललाच जाणार नाही असा आकडा तिनं शोधून मागितला होता. तीनदा फसायचं, हात जोडायचे आणि कुणाला काही न सांगता सुटायचं. पण बारखाली गेल्यावर अंगानं ऐकलंच नाही. तू लहानपणापासून शिकवलंस, अडकलं तरी सोडायचं नाही, तेवढं त्या अंगाला येतं, दुसरं काही येत नाही. ‘डेडलिफ्टला तर हात सोडायचे असं ठरवलं होतं, तर हात सुटेनात,’ म्हणाली. तिला आता हे नको आहे. दुखतंबिखत काही नाही, कुणी मुलगाबिलगा नाही. नको आहे एवढंच. मी म्हटलं, आईला सांग. तर तिनं माझ्या पायाला हात लावला. शपथ घातली. ‘तिला सांग मी कमी पडले. तेवढं तिला सोसेल. मला नकोय हे तिला सोसणार नाही.’ म्हणून मी दोन दिवस वेड्यासारखी भांडतेय, गं. इथे खरं सांगितलं तर कोच तिला आत बोलावील, चौघांदेखत विचारील, आणि ती म्हणेल, जायचंय. तुझ्या भीतीनं म्हणेल. खेळाडूनं सह्या होण्याआधी स्वतः माघार घेतली तर कुणी काही विचारत नाही, तिच्या जागी नर्स जाते, पुढची दारंही उघडी राहतात. सह्या झाल्यावर घेतली तर बंदी, आणि ती जागाही रिकामी जाते. संध्याकाळपर्यंत मी तग धरीन. त्यापुढे त्या सात पोरींच्या तोंडाकडे बघून मला सही करावी लागेल आणि तुझी लेक त्या विमानात बसेल, तुझ्याकडे बघून हसत. तिची शपथ मी आत्ता मोडली. ती मला माफ करणार नाही, तूही कदाचित नाही. पण तिच्या खोलीत जा, आत्ता जा, आणि म्हण, नको असेल तर नको, मी जेवायला वाढते. एवढंच म्हण. मग माघारीचा कागद ती स्वतःच संध्याकाळच्या आत इथे आणून देईल. कमी पडलीस असं तिला तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, दांडगे, कारण त्याहून सोपी सुटका तुझ्या घरात तिला सापडली नाही.

तुला नकोशी झाले तरी तुझीच,
काटकुळी