पुलापलीकडचं गिऱ्हाईक

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाकीट मिळालं. कागदांवरून मला समजलं ते असं. चुकलं असेल तिथे खूण करा.

१. पंपाच्या कंपनीशी तुमचा वितरण करार अकरा वर्षांपूर्वी झाला.
२. कंपनीने ठरवलेल्या किमतीखाली पंप विकायचा नाही, असं त्यात कलम आहे.
३. डिसेंबरात तुम्ही एका शाळेला तीन पंप कमी किमतीत दिले.
४. जानेवारीत कंपनीने तुमचा माल बंद केला.
५. तुम्हाला स्पर्धा आयोगाकडे कंपनीची तक्रार करायची आहे आणि मसुदा मी करावा, असं तुमचं म्हणणं आहे.
६. पाकिटात एक रंगीत नकाशा आहे. तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही.

पाचपर्यंत अडचण नाही. दुकानदाराने किती किमतीला विकावं हे कंपनीने बांधून घालणं सहसा टिकत नाही. अडले आहे ती सहाव्यावर. नकाशा कुणी काढला, रंग कशाचे, प्रती कुणाकडे आहेत? हे कळेपर्यंत तक्रार पाठवू नका. मीही कार्यालयात अजून फाईल उघडलेली नाही.

मामीचा गुडघा कसा आहे ते तुम्ही कधीच लिहीत नाही, म्हणून विचारते. माया आहे ती असू द्या.

तुमची भाची


७ मार्च

चि. फूटपट्टीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मामीने विचारलं, की हे भाचीचं पत्र आहे की पंपाच्या खोक्यातलं माहितीपत्रक. मी म्हटलं, पोरगी आधी यंत्रं शिकली आणि मग कायदा, ती आकडे घातल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही. गुडघा बरा आहे. जिना उतरताना माझा उद्धार होतो तेवढाच.

नकाशा अर्थातच मी काढला, असं सुबक काम आणखी कोण करणार? पुलाच्या अलीकडचा पिवळा भाग माझा, पलीकडचा निळा तुझ्या आप्पांचा, टेकडीकडचा हिरवा तिथल्या दुकानाच्या चष्मेवाल्या मालकांचा. तिघंही त्याच कंपनीचे पंप विकतो. नऊ वर्षांपूर्वी एकमेकांची गिऱ्हाइकं ओढता ओढता तोंड न पाहण्याची वेळ आली होती. भाऊ एकीकडे, नवरा दुसरीकडे, तुझी आई मधल्यामधे रडकुंडीला आलेली. मग आम्ही बसून गावाची वाटणी केली. पुलापलीकडचं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं, की मी चिठ्ठी देऊन त्याला दाजींकडे पाठवतो. दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी तिघं बसतो आणि चिठ्ठ्या मोजतो. नऊ वर्षांत शब्दाने शब्द वाढलेला नाही.

आम्ही किती सरळ माणसं आहोत हे आयोगाच्या साहेबांना दिसावं, म्हणून नकाशा मुद्दाम घातला. प्रती तिघांकडे आहेत. माझी तर काच लावून दुकानात टांगली आहे.

मसुदा लवकर कर. जेवणाच्या वेळा पाळ आणि म्हाताऱ्यावर जीव असू दे.

मामा


१० मार्च

ती. मामास,
सा. न.

सरळ लिहिते. कंपनीने किंमत बांधून घातली, ही तिची चूक ठरू शकते. तिघा दुकानदारांनी गाव वाटून घेतलं, ही त्याहून मोठी. तुम्ही त्याला सलोखा म्हणता, कायदा संगनमत म्हणतो. पुलापलीकडच्या माणसाला चार ठिकाणी भाव विचारून पंप घ्यायचा असतो. तुमची चिठ्ठी त्याला एकाच दारात नेऊन सोडते. तक्रार केलीत, तर आयोग तिन्ही दुकानांचे कागद बघेल. नाही केलीत, तरी नकाशा भिंतीवर आहेच.

वाट एकच आहे. जो स्वतःहून आधी जाऊन सगळं सांगतो, त्याचा दंड जवळजवळ पूर्ण माफ होऊ शकतो. पहिल्याचाच. दुसऱ्याला थोडी सूट, तिसऱ्याला त्याहून कमी. दोघांना मिळून एक अर्ज करता येत नाही. मी दोनदा तपासलं. पूर्ण दंड आप्पांचं दुकान पेलणार नाही आणि तुमचंही नाही.

तुम्ही मामा आहात आणि ते वडील, त्यामुळे मी कुणाचीच वकील होऊ शकत नाही. कार्यालयात तसं सांगून बाजूला झाले. दुसऱ्या एका वकीलबाईंचा पत्ता सोबत आहे. यापुढचं लिहिणं फक्त भाचीचं.

नकाशा उतरवू नका, खोडू नका, फाडू नका. सकाळपासून तीनदा जागा बदलून लिहिलं, म्हणून अक्षर असं आलं आहे. रागावू नका.

तुमची भाची


१३ मार्च

चि. फूटपट्टीस,
आशीर्वाद.

दोन दिवस दुकान उघडून नुसता बसलो. काल पुलापलीकडच्या एक बाई आल्या. चिठ्ठीसाठी हात वहीकडे गेला आणि तिथेच राहिला. जुन्या साठ्यातला पंप त्यांना विकला. दाजींच्या खिशात हात घातल्यासारखं वाटत राहिलं.

मी आधी जाणार नाही. मी सुटायचं आणि ताईच्या घरावर दंड यायचा, मग तिच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू? दाजींना पुढे कर. नकाशा माझ्या हातचा आहे, मागचा नंबर मलाच शोभतो. मी म्हटलं असं मात्र सांगू नकोस, उगाच फुगतील.

चष्मेवाले या सोमवारी बसायला आले नाहीत. सर्दी झाली म्हणे. तू स्वतःला जप.

मामा


१६ मार्च

ती. मामास,
सा. न.

हे पत्र टपालाने न टाकता हातोहात पाठवते आहे.

आप्पांशी काल बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, की मेहुण्याचा माल आधीच बंद आहे, त्याला पुढे जाऊ दे. आणि हे त्याला कळू देऊ नकोस, डोक्यावर बसेल. तुम्हीही मला हेच कळवलं होतं, दाजींना पुढे कर आणि त्यांना सांगू नकोस. आई आतून सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिने एवढंच विचारलं, की दोघंही असेच बसून राहिले तर काय होतं.

त्याचं उत्तर असं. शुक्रवारी चष्मेवाले मला आमच्या कार्यालयासमोरच्या इमारतीच्या जिन्यावर दिसले. तिथे आयोगाची कामं करणारे वकील बसतात. त्यांच्या काखेत कागदाची गुंडाळी होती आणि सर्दी नव्हती. ते कशासाठी आले होते मला माहीत नाही, आणि अंदाज मी लिहीत नाही. पण पहिला नंबर त्यांना मिळाला, तर तुमची दोघांचीही दुकानं जातील आणि आईला दोन्ही घरांचं बघत बसावं लागेल. तुमच्या भिडेचा उपयोग तेव्हा कुणालाच होणार नाही.

कोण जाणार हे मी ठरवायला बसले होते. दोन रकाने आखले, दोन्हींत सारखंच भरलं. मला ठरवता येत नाही. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेलं नाही.

हेच पत्र शब्दशः आप्पांना दिलं आहे, तेव्हा लपवण्यासारखं आता काही नाही. तुम्ही पूल ओलांडून जा, किंवा ते येतील. भांडा हवं तर. पहिल्यासाठी त्या वकीलबाईंनी गुरुवारी दुपारची वेळ राखून ठेवली आहे, दुसऱ्यासाठी वेगळा वकील शोधला आहे. दोघांच्याही सोबत दारापर्यंत मी येईन.

गुरुवार, १९ मार्च, सकाळी अकरापर्यंत मला एकच नाव लिहून कळवा. खाली दोघांच्याही सह्या असू द्या.

तुमची भाची