म्हाताऱ्या कुत्र्याची दूधभाकरी

आबा, पोरानं घरात कुत्र्याचं पिल्लू आणलंय. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तुम्हाला वाचताही येत नव्हतं, तरी हे तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावं ते मला सुचत नाही. कुत्र्यातलं कळायला आधी मेंढरातलं कळावं लागतं, आणि पाटोद्याच्या या गल्लीत तसं कुणी नाही. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो, मग तुम्ही हातात काठी दिलीत. तेवढ्या शिक्षणात बसेल तसं लिहितो.

दिवाळी होऊन गेली होती. पोराचं इथं बी-बियाणांचं दुकान आहे. एका संध्याकाळी तो पुठ्ठ्याचं खोकं घेऊन घरी आला. मला वाटलं, फवारणीचं औषध असेल, म्हणून मी म्हणालो, घरात नको, बाहेर ठेव. तेवढ्यात खोकं कुईं कुईं करायला लागलं. आत हे पिल्लू. केस लांब, कान खाली पडलेले, अंगाला साबणाचा वास. मी त्याचे पंजे दाबून पाहिले, तोंड उघडून टाळू पाहिली, शेपटीचं मूळ पाहिलं. तुम्ही बघायचात तसंच सगळं. कशातच काही दम नव्हता. "हे राखणार काय?" मी विचारलं, "टीव्ही?" नात हसायला लागली. यंदा बारावीला आहे ती. म्हणाली, "आजोबा, हे राखणीचं नाही, पाळायचं आहे." मी म्हणालो, "पण आणलं कावून?" पोरगा चपला काढता काढता माझ्याकडं न बघता म्हणाला, "आसंच, दादा." आबा, आपल्या घरात जनावर कधी 'असंच' आलं होतं का? मांजरसुद्धा घोंगड्या कुरतडणाऱ्या उंदरांसाठी असायचं. ते 'आसंच' माझ्या डोक्यात काट्यासारखं राहिलं.

मला आठवत होतं ते वेगळंच. आपण धारूरच्या डोंगरावर मेंढरं चारायचो आणि दिवाळी झाली की गंगथडीला, गोदावरीकाठच्या काळ्या रानात उतरायचो. उतरायच्या आधी तुम्ही कुत्री तपासायचात. लांडग्यानं ज्याचा कान फाडला होता ते आपलं थोरलं कुत्रं त्या वर्षी मागच्या पायानं लंगडत होतं. तुम्ही दुसऱ्याच्या कळपातून एक पिल्लू आणलंत आणि त्याला थोरल्याच्या कुशीत निजवायला लागलात, म्हणजे त्याचा वास लागावा, त्याचं बघून शिकावं. मी लहान होतो, पिल्लाला हातानं भाकरी भरवली, तर तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. "हातानं घालू नको बे. हाताची सवय लागली की कुत्रं माणसाचं होतं, मेंढराचं ऱ्हात न्हाई." आणि त्याच तुम्ही थोरल्यासाठी मात्र परातीत दूधभाकरी कुस्करायला लागलात. रोज. शेजारी बसून त्याच्या मानेवर हात फिरवायचात. मला वाटायचं, आबांना आता माया आली. निघायच्या सकाळी ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्याजवळ लिंबाच्या झाडाखाली त्याला नेलंत, हातानं दूधभाकरी भरवलीत आणि दावं बांधलंत. मी विचारलं, "आबा, आज हातानं कावून?" "गप ऱ्हा. कोकरं हाक." मी कोकरं हाकली. थोरलं ओरडायला लागलं आणि घाट उतरेपर्यंत ओरडतच होतं. लंगडं कुत्रं वाटेत लांडग्याच्या तोंडी जातं, त्यापेक्षा गोठा बरा, हे मला पुढं कळलं. सगळेच धनगर तसं करायचे. त्यात वाईट कुणाला काही वाटत नव्हतं. मीही पुढं तेच शिकलो. आधी नवं पिल्लू येतं, मग म्हाताऱ्याला दूधभाकरी सुरू होते आणि मग कळप निघतो.

आता बघा. पिल्लू आलं त्याच आठवड्यात सुनेनं मला दूधभाकरी द्यायला सुरुवात केली. आधी मला भाकरीबरोबर कोरड्यास असायचं, पिठलं, ठेचा, कधी शेंगदाण्याची चटणी. एकदम एके दुपारी ताटाऐवजी वाडगं, त्यात बारीक कुस्करलेली भाकरी आणि वर कोमट दूध. मी विचारलं, "हे काय?" ती म्हणाली, "खावा की मामा, मऊ हाय." ती मला मामा म्हणते. वाईट बाई नाही, पण त्या दिवशी तिचा आवाजही दुधासारखा कोमट वाटला. पिल्लाला निजायचं पोतं तर माझ्या खाटेखालीच घातलं होतं. मी म्हणालो, दुसरीकडं घाला. नात म्हणाली, "नको आजोबा, तुमच्याजवळच राहू दे, तुमचा वास ओळखू दे." वास ओळखू दे! थोरल्याजवळ पिल्लू निजवताना तुम्हीही हेच म्हणायचात. मी वाडगं खाली ठेवलं.

मग एकेक गोष्ट दिसायला लागली. मी आत गेलो की फोनवरचं बोलणं बारीक व्हायचं. दोनदा 'पुणं' ऐकलं. पोरानं मला न मागता नवी चप्पल आणली. मागच्या खोलीतलं माझं अंथरूण पुढं आणलं, का तर म्हणे इथं ऊन येतं. रविवारी तो दुकान लवकर बंद करून माझ्याजवळ बसला आणि माझे पाय दाबायला लागला. आयुष्यात त्यानं माझे पाय दाबले नव्हते, आबा. मी पाय ओढून घेतले. "काय झालं, दादा?" "काय न्हाई. गुदगुल्या होतात."

इथं बसस्टँडसमोर चहाच्या हॉटेलात माझा एक सोबती येतो. एसटीवर ड्रायव्हर होता, आता माझ्यासारखाच रिकामा. त्याला मी सगळं सांगितलं. तो बशीतला चहा फुरकत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे तुला सून दूध देती, पोरगा पाय दाबतो, नात कुत्रं देती, आन् तुला त्याचं दुखतंय?"

"दुखत न्हाई. भ्या वाटतंय."

"बे म्हाताऱ्या, माझी सून मला कालचा चहा गरम करून देती. आपण घरं बदलू. कुत्र्यासकट."

"तुला मेंढरातलं कळत न्हाई."

"मला गाडीतलं कळतं. गाडी नीट चाललीय, आन् तू उगंच ब्रेक मारायलास. इचार की त्यांना सरळ." हॉटेलात बसलेले सगळे हसले. मी विचारलं नाही. विचारलं आणि ते 'हो' म्हणाले, तर मग? न विचारलेलं बरं असतं, त्याला आपण आपल्या मनानं उलटंसुलटं करू शकतो.

रिकामपणाचंही तुम्हाला सांगायचं होतं. तुम्हाला मी कधी नुसतं बसलेलं पाहिलं नाही. मेंढरं बसली की तुमच्या हातात लोकरीची टकळी फिरायची, बोलताना, चालतानासुद्धा. इथं सकाळी रस्त्यानं माणसं चालतात, पायात बूट घालून, हात हलवत, आणि कुठंच जात नाहीत. कॉलेजच्या फाटकापर्यंत जातात आणि परत येतात. मला वाटायचं, हे कुणावर तरी नजर ठेवताहेत. नात म्हणाली, तब्येतीसाठी चालतात. तब्येतीसाठी! आपण मेंढरांसाठी चालायचो, तब्येत आपोआप मागनं यायची. मला दुपारी काही काम नसतं तेव्हा मी ओसरीवर बसतो आणि गेटाकडं बघतो. कोण आलं, कोण गेलं, कुणाची मोटारसायकल कुणाच्या दारात जास्त वेळ थांबली. एवढंच माझं काम. पिल्लूही माझ्या शेजारी बसून तिकडंच बघतं. त्याला काय संशय असतो कोण जाणे.

तर मी ठरवलं, आपण लंगडत नाही हे दाखवायचं. न लंगडणारं कुत्रं मागं ठेवत नाहीत. सकाळी पोरगा दात घासायला बाहेर आला की मी पिल्लाची साखळी धरून त्याच्यासमोरून ताडताड गल्लीच्या टोकाला जायचो आणि परत यायचो. गुडघ्यात कळ यायची, पण तोंडावर दिसू द्यायचो नाही. पिल्लू दमून खाली बसायचं, मी त्याला ओढायचो. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "म्हातारबा, पोलिसात भरती हाय का?" दूधभाकरी मात्र मी बंद केली. समोर घेऊन बसायचो आणि सून आत वळली की वाडगं खाली पिल्लापुढं सरकवायचो. मग टोपल्यातली सकाळची कडक भाकरी घेऊन सगळ्यांसमोर कडाकडा चावायचो. पिल्लू महिनाभरात गुबगुबीत झालं. माझे गाल आत गेले. पोरगा माझ्याकडं बघायचा, मग बायकोकडं बघायचा. मला वाटायचं, दिवस मोजताहेत.

गेल्या आठवड्यात भाकरीचा कडक काठ चावताना खालचा दात मोडला. थोडे उरलेत त्यातला एक. तोंड रक्तानं भरलं. सून धावत आली. "मामा, थुंका, थुंका आधी!" तिनं तांब्या पुढं केला, पदरानं माझी हनुवटी पुसली आणि मग खाली वाकून पिल्लापुढचं वाडगं बघितलं. अर्धं चाटून झालेलं. "रोज ह्यालाच घालताव ना? मला दिसत न्हाई व्हय? मऊ देते तर ते कुत्र्याला, आन् सोता दगडं फोडताव. कावून पण?"

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. तोंडात रक्त असताना मी म्हणालो, "मला कुणाच्या गोठ्याला बांधणार हाव, तेवढं सांगा. उगंच चप्पल न् दूध नगं." तिला काही कळेना. मी सगळं सांगितलं. थोरलं कुत्रं, पिल्लू, परात, दावं. ती पायरीवर बसली आणि हसायला लागली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मग हसू थांबलं, पाणी थांबलं नाही. म्हणाली, "मामा, माझ्या माहेरी साधी शेळीबी न्हवती. मला काय ठाव तुमच्यात दूध कवा देतात? चावत न्हाई म्हणून दिलं हो."

पोराला दुकानातून बोलावून घेतलं. तो घाईघाईनं आला, ऐकलं आणि चिडला. "दादा, माणसाला कुणी बांधून जातं व्हय? काय बी डोक्यात घेऊन बसताव." मी म्हणालो, "मग पुण्याचं काय?" तेव्हा दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. आबा, त्या पाहण्यासाठी मी महिनाभर डोळे लावून बसलो होतो. म्हणजे काहीतरी होतंच! पोरगा खाली बसला. नातीला पुढं शिकायला पुण्याला घालायचं, दुकान चुलतभावाच्या हाती द्यायचं आणि सगळ्यांनी तिकडंच जायचं, असं त्यांचं दिवाळीपासून चाललं होतं. "तुमाला आधी सांगितलं आसतं तर तुमी जेवणच सोडलं आसतं," पोरगा म्हणाला. "तिथं तिसऱ्या मजल्यावर ऱ्हायचं. ना ओसरी, ना गेट. तुमी दिवसभर करणार काय? कुत्रं आसलं की त्याला घेऊन खाली उतरावं लागतं, चालावं लागतं, चार माणसं बोलतात. म्हणून म्हणलं, इथंच सवय लागू द्यावी."

"म्हंजे कुत्र्याला माझी सवय न्हाई, मला कुत्र्याची सवय लावत व्हता."

"तसंच म्हणा."

मला राग आला आणि बरंही वाटलं, कुठलं आधी ते सांगता येत नाही. माझा संशय खोटा नव्हता, फक्त त्याचं तोंड उलट्या दिशेला होतं. ते मला मागं ठेवणार नव्हते, ओढून बरोबर नेणार होते, आणि मला ते माहीत नव्हतं, कारण आपल्यात म्हाताऱ्याला बरोबर न्यायची तयारी कशी करतात हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तुम्हीसुद्धा ते दाखवलं नाहीत. तुम्ही चालता चालता गेलात, काठी हातात असताना, सगळे दात तोंडात असताना. आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा आहे, आबा. तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढची वाट मी एकटाच चालतोय, आणि पुढं कुणी नाही ज्याच्या पावलावर पाऊल टाकावं. म्हणून मी सगळीकडं वास घेत चालतो. सून त्याला संशय म्हणते. तिला म्हणू दे.

पोरगा शेवटी म्हणाला, तुमी हो म्हणल्याशिवाय आमी हलत न्हाई. तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद करून तो येतो आणि माझ्या खाटेवर बसतो. सून चहा आणते आणि तीही बसते. नात फोन बाजूला ठेवते. पुण्यात खाली बाग आहे, म्हातारी माणसं बसतात, बीडकडची माणसंही भेटतील, असं तिघं आळीपाळीनं सांगतात. मी ऐकतो, मान हलवतो आणि म्हणतो, "बघू." मग दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. इतकी माणसं इतका वेळ माझ्याजवळ कधी बसली नव्हती.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, त्यामुळं तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी 'हो' म्हणायचं पहिल्याच दिवशी ठरवलंय. सांगत नाही, एवढंच.