आधी त्यानं माघार घ्यावी

३ फेब्रुवारी
फुगा वाढलाय! आप्पांच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीचा. चार वर्षांपूर्वी आतून नळी बसवली होती. आता तिच्या कडेनं रक्त झिरपतंय. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "पुन्हा नळी बसवावी लागेल. लगेच. फुटला तर वेळ मिळत नाही." मग हळूच – "दरवर्षीचं स्कॅनिंग?"

एकदाही नाही! दवाखान्यात कुणी पाहिलं असतं, तर न्हावऱ्याच्या सोसायटीचे चेअरमन आजारी ठरले असते ना. बीपीची गोळी देवघरात लपवून. विडी मात्र चावडीसमोर, उघड.

डॉक्टर म्हणे, "पुन्हा येणारे बरेचसे असेच. सत्तरी, विडी, बीपी, तपासणीला दांडी." आप्पांना वाटलं, कौतुक चाललंय.

५ फेब्रुवारी
"सोसायटीचं इलेक्शन झाल्यावर बघू." संपला विषय. सांगून सांगून माझा घसा बसला.

७ फेब्रुवारी
निदान रक्त तपासायला तरी नेलं – आडवाटेनं, आप्पा मागच्या सीटवर आडवे. रक्त देऊन बाहेर आलो, तर बाकड्यावर कोण? सोपानराव! आप्पांच्या विरोधात उभे असलेले. भर दुपारी माकडटोपी!

"सोपाना, तू हितं?"
"मेव्हण्याला बघाया आलोय. आन् तुम्ही?"
"मी बी."

दोघांच्याही दंडावर रक्त काढल्याचा कापूस. नर्सनं 'नळीच्या ऑपरेशनचे दोघं' म्हणत नावं पुकारली आणि भांडं फुटलं – तीच नळी, तीच गळती. मला हसू आवरेना.

म्हटलं, दोघंही अर्ज मागे घ्या, शेजारशेजारच्या खाटा मागते.
"आधी त्यानं घ्यावा."
"व्हय? मान थोरल्यांचा!"

कुणाला सांगायचं नाही, एवढ्यावर मात्र एकमत. दोघंही आपापल्या घरी!

१० फेब्रुवारी
आप्पा जेवताना कंबर दाबत होते. म्हणे, "जीपचा धक्का बसला." फोन वाजला की मी आधी आप्पा कुठे आहेत ते बघते.

११ फेब्रुवारी
लाज सोडून सोपानरावांना फोन केला. "काका, तुम्ही तरी मागे घ्या."
"चौदा तारखेपतोर मुदत हाय, पोरी. तुझा बाप घिईल की!"
इकडे आप्पांचंही तेच – "बघ, सोपान्या घेतो."

१३ फेब्रुवारी
सोपानराव काल गेले. प्रचारात पोट धरून खाली बसले. शिरूरच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

आप्पा मातीला जाऊन आले. ओट्यावर बसले. विडी पेटवलीच नाही.
"आता कुणाला हरवायचं, अने?"

मग उठले. "गाडी काढ. पुण्याला."
मी आडवाटेकडे वळवली, तर खांद्यावर हात –
"चावडीवरनं घे. बघू दे सगळ्यांना."