अकरा ट्रक चुरा

ती. मामांना,

तुमच्या उद्योगी भाचीचा वाकून नमस्कार. पत्र जाड आहे, तेव्हा आधी चष्मा शोधा, औषध घ्यायचं राहिलं असेल तर घ्या आणि मगच वाचायला बसा. गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना डावा जास्त बोलतो की उजवा, ते सविस्तर कळवा. (नुसतं ‘ठीक’ असं कळवू नका. गेल्या तीनही पत्रांत तुम्ही ‘ठीक’ लिहिलंत, आणि तिसऱ्यातला ‘ठी’ ऱ्हस्व होता.) आमच्याकडे सगळे खुशाल. ह्यांची ॲसिडिटी आणि माझा स्वभाव, दोन्हींत उतार नाही.

पत्राचं कारण असं, की ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान मी पक्कं केलं. एकटीने केलं, कोणाचा सल्ला न घेता केलं, आणि आता ते असं झालंय की रस्त्याने जाणारी माणसं फाटकापाशी थबकून बघतात. तुम्ही मागे फोनवर म्हणाला होतात, ‘आधी पाण्याला वाट कर, मग वर काय हवं ते पसर.’ ते मी ऐकलं होतं. पाळलं नव्हतं, पण ऐकलं होतं.

झालं काय, की परवान्याचं नूतनीकरण आलं आणि आरटीओचे तपासनीस साहेब मैदान बघायला आले. आदल्या दिवशी पाऊस झालेला. आमचं मैदान म्हणजे ऑफिसच्या बाजूची उघडी जागा, दोन गाड्या आणि एका वेळी चार घाबरलेले विद्यार्थी मावतील एवढी. साहेबांनी पहिलं पाऊल टाकलं ते बुटासकट, दुसरं टाकलं ते नुसत्या मोज्याने. बूट मागे चिखलातच राहिला. हे धावत जाऊन तो काढायला लागले, तर बुटाने असा काही आवाज केला की आमच्या एका विद्यार्थिनीला हसू आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी एकच वाक्य सांगितलं, की दोन महिन्यांत जमीन टणक, सपाट आणि पांढऱ्या रेघा मारलेली दिसली नाही, तर परवाना विसरा. मामा, त्या परवान्यावर आमची चूल पेटते. मी घाबरले नाही. हे घाबरले, म्हणून मला घाबरायला वेळ मिळाला नाही.

ह्यांचं मत पडलं काँक्रीट. एकदा करायचं आणि पुन्हा त्याच्याकडे ढुंकून बघायचं नाही, हे ह्यांचं सगळ्याच बाबतीतलं धोरण. (आमच्या लग्नाचंही.) शेजारच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पेव्हर ब्लॉक घाला, छान दिसतात. पण मी म्हटलं, गावभर जुनं मोडून नवं करणं चाललंय, त्यातून निघालेलं सामान ट्रक भरभरून फेकायला नेतात, आणि आपण नवं कशाला विकत आणायचं? आपलं मैदान टाकाऊतून टिकाऊ होईल. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ऑफिसच्या फळ्यावर लिहिलं. (हे रोज ते पुसतात. मी रोज लिहिते.)

पहिला प्रयोग, पाडलेल्या गोदामाच्या काँक्रीटचा चुरा. मागच्या गल्लीत एक गोदाम पाडत होते, तिथल्या मुकादमाने ढेकळं फोडून खडीसारखा चुरा करून दिला आणि मी तो पसरला. दिसायला झकास. पण त्या चुऱ्यात बोटबोटभर लोखंडी तारा होत्या, त्या त्याने सांगितल्या नाहीत आणि मी विचारल्या नाहीत. पहिल्याच दिवशी चार पंक्चर. हे खाली बसून लोहचुंबकाने तारा वेचत होते आणि मी विद्यार्थ्यांना सांगत होते की टायर बदलणं हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. त्या दिवशी शिकलेले चौघेही आज डोळे मिटून स्टेपनी बदलतात, हे कोणी बोलत नाही. तारा संपल्या तशी दुसरीच भानगड. आमच्याकडे गणिताचे एक निवृत्त सर शिकतात. वय एकाहत्तर, स्वभाव काटेकोर. त्यांना चाकाखालच्या त्या खरखरीची इतकी सवय झाली, की खऱ्या रस्त्यावर गाडी नेल्यावर खरखर ऐकू येईना आणि त्यांना वाटलं गाडी चालतच नाहीये. म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटर आणखी दाबला. शेजारी हे बसले होते. ह्यांच्या बाजूलाही ब्रेक आहे म्हणून मी आज हे पत्र कुंकू लावून लिहितेय. शिवाय चाकाने उडालेला एक खडा डॉक्टरीणबाईंच्या खिडकीतून आत गेला. आत पेशंट आ करून बसला होता. खडा तोंडात गेला नाही, पण बाईंनी तो आम्हाला कापसात गुंडाळून परत पाठवला.

दुसरा प्रयोग, फुटक्या फरशा. एका जुन्या दवाखान्याची जमीन उखडत होते, तिथून पांढऱ्या, निळ्या, हिरव्या फरशांचे तुकडे आणले आणि सगळ्यांनी मिळून आठवडाभर ते नक्षीसारखे बसवले. मामा, इतकं सुंदर मैदान तुम्ही तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नसेल. दोन दिवस मी त्यावर गाडी आणू दिली नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला, पाणी जागच्या जागी साचलं (होय, वाट केली नव्हती), आणि त्यावरून सरांनी गाडी आणली. ब्रेक त्यांनी अगदी नियमानुसार दाबला. गाडी मात्र नियमाबाहेर गेली. काही घाई न करता, तिरकी होत होत, ती ऑफिसचं दार ढकलून आत आली आणि ह्यांच्या टेबलाला लागून थांबली. हे चहा पीत होते. सरांनी काच खाली केली आणि शांतपणे विचारलं, “आता रिव्हर्स घेऊ का?” ह्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “आधी इंडिकेटर द्या.” हे रागावले की असेच बोलतात.

त्या संध्याकाळी मी मैदानाच्या पायरीवर बसले आणि, आता सांगायला हरकत नाही, थोडी रडले. साचलेल्या पाण्यात निळ्या फरशा चमकत होत्या आणि सव्वा महिना संपला होता. मग उठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशा उखडून मैदानाला रस्त्याच्या बाजूला उतार काढायला घेतला. मागे टोकाला चार बोटं उंच, पुढे गटारापाशी खाली. दोरी ताणून, बादलीने पाणी ओतून, ते कुठे थांबतं आणि कुठे पळतं हे बघत बघत. तुमचं वाक्य मी तिसऱ्या खेपेला पाळलं. त्याबद्दल काही बोलू नका.

आणि मग मला खरं सामान सापडलं. आमच्या समोरच्याच रस्त्यावर एक यंत्र जुनं डांबर वरून खरवडून काढत होतं आणि मागोमाग ट्रक तो काळा चुरा भरून नेत होते. मी मुठीत घेऊन पाहिला. मामा, उन्हाने तो कोमट झाला होता आणि मूठ उघडली तरी लाडवासारखा धरून राहिला. तेव्हाच कळलं, हे बसणार. खडीसारखं उडणार नाही, फरशीसारखं घसरणार नाही, आणि त्यात उरलेलं जुनं डांबर उन्हाने आणि दाबाने पुन्हा एकजीव होणार. (हे ज्ञान माझं नाही. दहा वर्षांची असताना मी तुमच्या मांडीवर बसून रोलर चालवलाय. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते, की माझं पहिलं वाहन आठ टनांचं होतं.) तिथल्या मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, न्या की ताई, आमची डंपिंगची फेरी वाचेल. मी दोन ट्रक मागितले. त्याने ‘दोन’ ऐकलं की ‘द्या’ ऐकलं कोण जाणे, पण एका ड्रायव्हरने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आम्ही जेवून बाहेर आलो तर फाटकात अकरा ट्रक चुऱ्याचा डोंगर. दोन्ही गाड्या आत अडकल्या. तीन दिवस आम्ही फक्त वाहतुकीची चिन्हं शिकवली. चौथ्या दिवशी विद्यार्थ्यांनी आपण होऊन फावडी आणली. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या दवाखान्यासमोर पसरायला चार ट्रक चुरा नेला आणि खिडकीचं प्रकरण मिटलं. सर हातात फूटपट्टी घेऊन थराची जाडी मोजत फिरत होते आणि जिथे अर्धा इंच कमी भरेल तिथे खडूने शून्य काढत होते.

तर आता चुरा सगळीकडे सारखा पसरलाय, उतार बरोबर आहे, काल पाऊस झाला तर पाणी अगदी शिस्तीत गटाराकडे गेलं. काम फत्ते. तुम्हाला फक्त कळवावं म्हणून लिहिलं, बाकी काही नाही. वहिनीला आणि दादाला नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची,
भाची

ता. क. काम फत्ते म्हणजे, दाबायचं तेवढं राहिलंय. रस्त्याच्या मुकादमाने त्याचा जुना रोलर आमच्या मैदानात आणून ठेवलाय आणि म्हणाला, वापरा आणि सावकाश परत करा. आमच्यापैकी कोणालाच तो चालवता येत नाही. कुठे किती फेऱ्या मारायच्या आणि कधी थांबायचं हेही ठाऊक नाही. तुम्ही म्हणायचात, चाकाखालचा आवाज बदलला की जमीन बसली. आम्हाला तो आवाज कुठून ओळखू येणार? तपासनीस साहेब वीस तारखेला येणार आहेत.

आ. ता. क. वहिनीचा फोन आला होता. मामी गेल्यापासून तुम्ही खिडकीशी बसून असता, जेवायला बोलावलं तर ‘भूक नाही’ म्हणता, आणि खाली बागेतसुद्धा उतरत नाही, असं ती म्हणाली. मी तिला म्हटलं, मामांना लेकाच्या घरीही काम नसताना बसायची सवय नाही, त्यात त्यांचा काय दोष? गुडघ्यांची सबब चालणार नाही. रोलर बसून चालवतात. मागची खोली झाडून ठेवली आहे. मामीचा फोटो आणायचा असेल तर भिंतीला खिळा आहे.

मामा, हिने पत्र पाकिटात घालून चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ही दोन ओळींची भर घालतो. काल हिने रोलर स्वतः चालवून पाहिला. आमच्या फाटकाचा डावा खांब आता नाही. मुकादमाने गेल्या सोमवारी त्याचा रोलरवालाही पाठवला होता, चांगला जाणता माणूस, दोन तासांत काम उरकून गेला असता. हिने त्याला चहा पाजला आणि आमचा माणूस येतोय म्हणून परत पाठवलं. गुरुवारी तो पुन्हा आला, तेव्हाही तेच. मी भित्रा माणूस आहे आणि आज बारा तारीख आहे. सोबत रविवारच्या गाडीचं तिकीट जोडलं आहे, खिडकीची जागा मिळाली नाही.